नऊ नंबरचा आवाज

लालबाग,
१९ जानेवारी २०२५

स्पृहा,

फोन, व्हॉट्सॲप, इन्स्टा, सगळीकडून ब्लॉक केलंस. ठीक. पण धावण्याच्या ॲपवरूनही? तिथे मी काय बोलणार होतो तुझ्याशी? नाशिकच्या नकाशावर रोज सकाळी सहाला तुझी एक निळी रेघ उमटायची, तेवढीच बघायचो. तीही पुसलीस. म्हणून आता पोस्ट. पत्ता तुझ्या आईने दिला. गिरगावात तुमच्या घरी गेलो आणि सांगितलं, स्पृहाचं पुस्तक परत करायचंय. पुस्तकबिस्तक काही नाही. त्यांनी बस म्हटलं नाही, दारातच मावशीचा पत्ता लिहून दिला.

आज मॅरेथॉन होती. हाफ पळालो, एक बेचाळीस. पेडर रोडच्या चढावर तू मागून ओरडायचीस, "सुशांत, खांदे पाड, खांदे!" आज कोणी ओरडलं नाही तरी पाडले. 'पहाटपाय'चा एकसुद्धा निळा टी-शर्ट दिसला नाही. अभयदादाने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चार टाळक्यांपासून चाळीसपर्यंत नेलेला ग्रुप, एका शनिवारी संपला.

अभयदादाची तारीख अकरा एप्रिलला आहे, भूजला. सख्खा भाऊ तुझा, तुला माहीत असेलच. आरोप, निष्काळजीपणामुळे सम्यकचा मृत्यू. त्याच्या वकिलांचा मला फोन आला होता. म्हणाले, "घळीत सम्यकच्या मागे फक्त तू होतास. तुझी साक्ष महत्त्वाची. जे झालं ते एकदा कागदावर उतरव." कागदावर उतरवायचंच तर तुलाच लिहितो. चुकलं तर सांग.

तर गेल्या वर्षी ३० मार्च, शनिवार. भूजच्या पुढे तासभर, ती लाल खडकाची घळ. आपण दहा जण. अभयदादाने निघताना नेहमीसारखे नंबर दिले. पुढे तो एक, तू चार, सम्यक नऊ, मी दहा. शेवटी दमाचा माणूस हवा म्हणून दहा नेहमी माझाच. दादा पुढून "मोजणी!" ओरडला की प्रत्येकाने आपापला नंबर ओरडायचा, दहा ऐकू आलं की पुढे चालायचं. अकराच्या सुमारास आपण त्या हिरव्या पाण्यापाशी पोचलो. तिथे घळ इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, त्यात वळण. पुढच्याला मागचा दिसत नाही. दादाने पाण्यात उतरायच्या आधी मोजणी घेतली. सगळ्यांचे नंबर आले. नऊही आला. मग एकेक जण छातीभर पाण्यातून पलीकडे गेला. पलीकडे वाळूत पुन्हा मोजणी घेतली तेव्हा नऊ आला नाही.

मी तेव्हा जे सांगितलं तेच आजही सांगतो. पाण्यापर्यंत सम्यक माझ्या पुढे होता. नंतर मला दिसला नाही.

बाकी तू तिथे होतीसच. तू स्वतः किती बुड्या मारल्यास ते मी मोजलंय. सोळा.

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

सुशांत


लालबाग,
९ फेब्रुवारी

स्पृहा,

उत्तर नाही. बरं.

आज भोईवाड्याला गेलो होतो, सम्यकच्या घरी. महिन्यातून एकदा जातो. नाही गेलो तर सीतारामकाका दुकानात फोन करतात. हो, मी हल्ली हिंदमाताला साड्यांच्या दुकानात आहे, काउंटरवर. दिवसभर साड्या उलगडायच्या आणि घड्या घालायच्या. आई म्हणते, कॉलेज सोडून हेच करायचं होतं काय तुका? मी म्हणतो, हो.

काका दर वेळी तेच विचारतात. मी बसलो की रेडिओ बंद करतात.

"पाण्यापाशी तो होता ना रे?"

"हो काका."

"आवाज दिला त्याने?"

"दिला. नऊ म्हणाला."

"कसा म्हणाला?"

मी म्हणून दाखवतो. स्पृहा, मी त्यांना तो आवाज काढून दाखवतो. ते डोळे मिटून ऐकतात. सीमाताई, त्याची बहीण, आत भांडी घासता घासता थांबते.

पण आज त्यांनी कपाट उघडलं आणि एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. दादरच्या तरण तलावाचं. सम्यकचा फोटो, जानेवारी आणि फेब्रुवारीचे शिक्के. म्हणाले, "हे बघ. कोणाला न सांगता पोहायला शिकत होता. सीमाला माहीत होतं फक्त. तिकडे पाण्यातून जायचंय म्हणून शिकला. आणि तुम्ही सगळे सांगता, पाण्याला घाबरून मागे फिरला. मागे फिरला, वाट चुकला, ऊन लागलं. पोलिसांच्या कागदावर तेच. माझ्या कंपनीतले लोक तेच बोलतात, 'पोरगं भ्यालं.' सुशांत, माझा पोरगा भ्यायला नव्हता रे."

मी म्हणालो, "नव्हता काका."

"मग मागे का फिरला?"

मी चहा प्यायलो. गार झाला होता तरी प्यायलो.

तुला हे का लिहितोय? कारण त्या घरात बसलो की मला तुझीच आठवण येते, आणि ही किती घाण गोष्ट आहे ते मला कळतं. त्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सम्यकचा पदवीच्या झग्यातला फोटो असायला हवा होता. त्याऐवजी आपल्या ग्रुपच्या फोटोतून कापलेला त्याचा चेहरा आहे. कापताना तुझा खांदा राहिलाय त्यात. निळ्या टी-शर्टाचा एवढासा तुकडा. मी चहा पिताना तोच बघत असतो.

सुशांत


लालबाग,
२ मार्च

स्पृहा,

दीड महिन्यात एक पोस्टकार्ड, त्यावर तीन ओळी. पाठ झाल्यात माझ्या. "सम्यकचा घसा आदल्या दिवसापासून बसला होता. माझ्याकडे पाणी मागितलं तेही खुणेने. मग पाण्यापाशी 'नऊ' इतकं खणखणीत कोण म्हणालं?"

कशी आहेस, नाही. सुशांत, नाही. डायरेक्ट उलटतपासणी. वा!

दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, लग्नाचा बस्ता. मी हातातली पैठणी अशी फेकली की शेठ ओरडला, "ए परब, बापाची आहे का?" मी त्याला उलट बोललो. काय ते लिहीत नाही. नोकरी राहिली, कशी ते माहीत नाही.

ठीक आहे. ऐक. मी म्हणालो. नऊ मीच म्हणालो.

आता लगेच काहीतरी ठरवू नकोस. सम्यक माझ्या पुढेच उभा होता, पाण्याच्या काठाला. घसा गेलेला. दादाने मोजणी घेतली तेव्हा तो वळला, घशाकडे बोट केलं आणि पुटपुटला, "प्रॉक्सी मार." मी मारली. झालं. एवढंच. कॉलेजात तीन सेमिस्टर आम्ही हेच केलं. तो माझी हजेरी द्यायचा, मी त्याची. त्याचा आवाज मी इतका हुबेहूब काढायचो की सरांनी एकदा मलाच सम्यक समजून विचारलं, "गमरे, सर्दी गेली का?" सगळा वर्ग खिदळला.

तुला कॉलेजचं पूर्ण कधी सांगितलं नाही. मी सकाळी तुमच्याबरोबर, तुझ्याबरोबर, वडाळ्यापर्यंत पळायचो आणि पहिली दोन लेक्चरं बुडवायचो. सम्यक माझी प्रॉक्सी मारायचा. एक दिवस तो पकडला गेला. दोघांना उपप्राचार्यांनी बोलावलं. माफीनामा लिहून द्या म्हणाले. मी आयकार्ड फाडून त्यांच्या टेबलावर टाकलं आणि निघालो. मला वाटलं, सम्यकही येईल मागून. तो आत बसून माफीनामा लिहीत होता. बाहेर आल्यावर मी त्याला काय काय बोललो. तो शांतपणे म्हणाला, "तुला फाडायला परवडतं रे. माझा बाप रोज माझं आयकार्ड पुसून ठेवतो."

हे आठवतं आणि कानफटात बसल्यासारखं होतं. पण त्या दिवशी घळीत त्यानेच सांगितलं होतं, प्रॉक्सी मार. मी साक्षीत तसंच सांगेन. आधी सांगितलं नाही कारण उगाच भलताच अर्थ निघाला असता. आता तूच काढतेयस तसा.

सुशांत


लालबाग,
२३ मार्च

स्पृहा,

आज दुपारी बाराला घरातून निघालो आणि पळालो. लालबाग, परळ, भोईवाडा, पुढे वडाळ्याचं मिठागर. पाणी घेतलं नाही. टोपी नाही. आई जिन्यावरून ओरडली, "उन्हात खंय चाललंस मरूक?" हे पाचव्यांदा. दर रविवारी पळतो. किती वेळाने डोकं गरगरतं, किती वेळाने पाय ऐकत नाहीत, कधी घाम यायचा थांबतो, हे बघायला. आज मिठागराच्या बांधावर बसलो ते उठताच येईना. पांढरं पाणी, पांढरं मीठ, डोळ्यांपुढे पण पांढरं. एका मजुराने ओढून पत्र्याच्या सावलीत नेलं, डोक्यावर डबा ओतला. म्हणाला, "भाई, मरने का शौक है क्या?" तो बघत होता म्हणून वाचलो. एवढंच लागतं, स्पृहा. कोणीतरी मागे वळून बघायला लागतं.

मागच्या पत्रातलं खोटं आहे. सम्यक पाण्यापाशी नव्हताच.

आता थांबत नाही, सगळं लिहितो.

सकाळी जीपमधून उतरल्यावर तू तुझा लाल रुमाल ओला केलास आणि सम्यकच्या मानेला बांधलास. गाठ मारताना तुझी बोटं त्याच्या केसांत थोडी जास्त थांबली. त्याने डोळे मिटले. मी मागे उभा राहून बुटाची लेस बांधत होतो. बांधून झाली होती तरी बांधत होतो. मला त्याआधी काहीच माहीत नव्हतं. दोघांपैकी कोणी सांगितलं नव्हतं. मी तुला दोन वर्षं सांगायचं ठरवत होतो आणि तो सगळं ऐकून घ्यायचा, "बोल ना मग, भिडू" म्हणायचा. नंतर म्हणायचा बंद झाला. तेव्हा कळायला हवं होतं.

पाण्याच्या अलीकडे घळीच्या भिंतीत एक खोबण आहे, माणूस बसेल एवढी. तिथे सम्यक थांबला. तुम्ही सगळे वळणापलीकडे गेला होतात. त्याचा चेहरा लालबुंद आणि कोरडा होता. कोरडा, हे मला आता कळतं. बसक्या आवाजात म्हणाला, "थांब रे दोन मिनिटं. गरगरतंय."

मी म्हणालो, "बस. येईल तुझी स्पृहा बघायला."

तो हसायला गेला. "येडा झालास काय? तुला सांगणारच होतो रे. पाणी दे जरा."

माझ्या बाटलीत अर्ध्याहून जास्त पाणी होतं. मी म्हणालो, "पुढे पाणीच पाणी आहे. ये चालत." आणि निघालो. मी दहा नंबर होतो, स्पृहा. माझ्यामागे कोणी नसणार, हेच माझं काम होतं. आणि मी त्याला मागे टाकून चालायला लागलो.

मनात होतं, पाच मिनिटांनी येईल धापा टाकत. सगळ्यांसमोर दादाच्या शिव्या खाईल. मला बरं वाटेल.

मग पाण्याच्या काठाला पोचल्यावर दादा ओरडला, "मोजणी!" सहा, सात, आठ. आणि गप्प. नऊ आला नसता तर सगळे थांबले असते. तू सगळ्यांना ढकलत मागे पळाली असतीस. त्या खोबणीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली असतीस. मला ते दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं. आणि माझ्या तोंडून नऊ निघाला. त्याचा आवाज. घसा बसायच्या आधीचा. मग मी माझा दहा ओरडलो.

इथपर्यंत एका मूर्खाचं रागाचं काम म्हणता येईल. पुढचं नाही म्हणता येणार. वाळूत दुसऱ्या मोजणीला तो आला नाही आणि तू पाण्याकडे धावलीस, तेव्हा मी बोलू शकलो असतो. तुझ्या पहिल्या बुडीला. पाचव्या. सोळाव्या. दादाचे ओठ निळे पडले होते, तो तळ चाचपत होता. मी पण चाचपत होतो. जिथे तो नाही हे मला माहीत होतं, तिथे. दर वेळी वर आलो की वाटायचं, आता बोलतो. पण आता बोललो तर आधी का नाही, हे विचारतील. दर मिनिटाला ते आणखी कठीण होत गेलं. आणि डोक्यात एक वेडी आशा, तो सावलीत झोपला असेल, येईलच चालत, मग कोणाला काही कळणारच नाही. चार तास.

तीनला शेळ्यांवाला आला आणि हाताने मागे दाखवलं.

डॉक्टर म्हणाले होते, अंग अजून गरम आहे, फार वेळ झालेला नाही. तू ते ऐकलंस का, मला माहीत नाही. मी ऐकलं.

हे पत्र फाडू नकोस. दादाच्या वकिलांना दे. माझ्या हाताने त्यांना पाठवायची हिंमत होत नाही, म्हणून तुला पाठवतोय. बघ, इथेही तुलाच पुढे करतोय.

सुशांत


भूज,
१० एप्रिल

स्पृहा,

तू पत्र वकिलांकडे पोचवलंस. तुझं उत्तर नाही आलं, त्यांचा फोन आला. "हे सगळं कोर्टात बोलणार? तुझ्यावर काय होऊ शकतं माहीत आहे?" मी हो म्हणालो. उद्या बोलणार आहे.

त्याआधी रविवारी भोईवाड्याला गेलो. सीतारामकाकांनी रेडिओ बंद केला आणि नेहमीचं विचारलं, "पाण्यापाशी तो होता ना रे?"

मी म्हणालो, "नाही."

सगळं सांगितलं. पाण्याच्या बाटलीचंही. सीमाताई बाहेर येऊन दाराला टेकली होती. माझं संपलं. काका म्हणाले, "म्हणजे तो आवाज तुझा होता."

"हो."

"वर्षभर तू मला तुझा आवाज ऐकवत होतास."

"हो काका."

"तो काय म्हणाला शेवटचं? खरं सांग आता."

"थांब म्हणाला. पाणी दे म्हणाला."

सीमाताईने माझ्या तोंडात मारली. एकदाच. मग तीच खाली बसली. काकांनी तिला उठवलं नाही, मला हाकललं नाही. तरण तलावाचं ते कार्ड घेतलं, सदऱ्याला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे तिकडे साहेबांना दाखव. म्हणावं, पोरगा पाण्याला भ्यायला नव्हता. कागदावर लिहून घ्या. तेवढं लिहून झालं की कार्ड सीमाच्या नावाने पोस्टाने पाठव. तू येऊ नकोस. तू परत या घरात येऊ नकोस."

कार्ड आता माझ्या वरच्या खिशात आहे.

काल अभयदादा भेटला, लॉजच्या जिन्यात. किती बारीक झालाय ग. मला वाटलं, मारेल. मी उभा राहिलो मार खायला. तो कठड्याला धरून म्हणाला, "तुला दहा नंबर का द्यायचो, ठाऊक आहे? तू सगळ्यात फास्ट म्हणून नाही. तसं सगळ्यांना वाटायचं. तू भांडशील, शिव्या देशील, पण मागे पडलेल्याला सोडणार नाहीस, असं मला वाटायचं." मग म्हणाला, "माझीच मोजणी चुकली." आणि वर निघून गेला. तो अजूनही स्वतःलाच दोषी धरतोय. त्याला तू सांग. माझं ऐकणार नाही.

आज पहाटे जीप करून घळीत गेलो. एकटाच. पाणी आटत आलंय, गुडघाभर राहिलंय. ती खोबण सापडली. आत शेळ्यांच्या लेंड्या आणि एक चिंधी होती. तुझा रुमाल असेल म्हणून उचलली. नव्हती. भलतीच कसली तरी.

मग मी खोबणीपासून पाण्यापर्यंत पळालो. घड्याळ लावून. खडकांवरून, वळणं घेत, जमेल तेवढं जोरात. पाच मिनिटं चाळीस सेकंद.

चार तास आपण त्याला पाण्यात शोधत होतो आणि तो पाच मिनिटं चाळीस सेकंदांवर होता. तू माझ्यापेक्षा चढावर जोरात पळतेस. तू पाचात पोचली असतीस.

मी तुझ्यावर प्रेम करतो हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आता ते सांगायची सोय राहिलेली नाही. मी त्याच्या बाबतीत जे केलं ते याच नावाखाली केलं. म्हणून यापुढे हा शब्द मी लिहिणार नाही. पत्रंही लिहिणार नाही. ब्लॉक काढू नकोस.

उद्या ते मला नाव, वय, पत्ता विचारतील, मग विचारतील त्या दिवशी पाण्यापाशी किती जण होते. पोलिसांच्या कागदावर दहा आहेत. मी तोंडात तेच उत्तर घोळवत बसलोय, कुठे चुकू नये म्हणून. एक अभय, चार स्पृहा, आठपर्यंत सगळे, आणि दहा मी, सुशांत परब.

नऊ जण होतो. दहा नव्हतो.